तीन शिफ्टचं बिरडं

६ जानेवारी

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून ही वही सुरू केली आहे. कंपनीत सगळ्यांचं रक्त तपासलं, त्यात माझी साखर वाढलेली निघाली. बाई म्हणाल्या, "जगनराव, रोज जे जे तोंडात जाईल ते लिहायचं. मनात येईल तेही लिहा, हरकत नाही. पण लिहायचं."

मी म्हटलं, "बाई, मी कॅन्टीनचा मुख्य आचारी. तीन शिफ्टची माणसं माझ्या हातचं खातात. मी काय काय लिहू?"

"सगळं."

तर आजचं सगळं. सकाळी पेणला बसमध्ये चढण्याआधी चहा आणि बटर. रोह्याला कॅन्टीनमध्ये पोचल्यावर चहा. नाश्त्याला मिसळ. दुपारी पनीर मसाला, पुऱ्या, भात, गुलाबजाम एक. घरी आल्यावर चहा, फरसाण, मग जेवण. चव बघितलेली धरलेली नाही. चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, ती ड्यूटी आहे.

मैनाने माझ्या खांद्यावरून वाचलं. "गुलाबजाम एक?" एवढंच म्हणाली. बायकोने नवऱ्याची वही वाचू नये असं मी तिला सांगितलं.

९ जानेवारी

नमिता मॅडमनी ऑफिसात बोलावलं. ह्या नव्या आल्या आहेत, कामगारांचं सगळं त्या बघतात आणि आता कॅन्टीनही त्यांच्याकडे आलं आहे. मला वाटलं नवी भांडी मंजूर झाली. तर टेबलावर रक्ततपासणीचे कागद.

"जगनदादा, साखर, बीपी, चरबी. तिशीतली मुलं आहेत ह्यात," म्हणाल्या. मग खिडकीशी नेऊन मागच्या अंगणातला खरकट्याचा पिंप दाखवला. पिंप मला माहीत नाही का? रोज भरतो. माणसं भरपूर घेतात, टाकतात. भरल्या घरात टाकलं जातंच.

मॅडमचं म्हणणं असं, की तेल कमी करा, आपल्या भागात पिकतं ते रांधा, ज्या मोसमात जे येतं ते आणा. पनीर परराज्यातून बर्फाच्या गाडीत बसून येतं आणि अर्धं पिंपात जातं, हे बरोबर नाही. वर आणखी एक गोष्ट सांगितली. वरचे साहेब आपलं स्वयंपाकघर बंद करायच्या विचारात आहेत. बाहेरून पाकिटातलं जेवण ट्रकने येणार, ते गरम करून वाढायचं. साहेब मार्चमध्ये येऊन इथे जेवणार आणि मग ठरवणार.

"मॅडम, माझ्या पनीरला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"म्हणूनच तुम्हाला सांगते. तुमच्या हातचं लोक खातील."

हे मात्र त्या बरोबर बोलल्या.

तरी मनातलं लिहितो. माझा बाप धरमतरच्या खाडीवर मिठागरात राबला. आमच्या घरी भात, सुकी मासळी आणि मिळेल तो पाला. पनीर मी कंपनीत आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. आमच्या घराण्यात पांढरी टोपी घालणारा मी पहिला. आता ह्या टोपीखाली उभा राहून मी परत पाला वाढू?

१२ जानेवारी

मैनाला सांगितलं. ती हसली. मैना रोह्याकडची, डोंगराच्या बाजूच्या गावची. तिथे पावसाळ्यात भात आणि त्याच शेतात थंडीत कडवे वाल.

"मंग वाल घाला की," ती म्हणाली. "त्यात काय यवढं."

"घरचं खाणं ते. कंपनीत कोण खाईल?"

"कंपनीत घर नसलेली मानसं येतात काय?"

मग ती सांगत बसली, की वाल रात्री भिजत घालायचे, पाणी बदलायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, गरम पाण्यात टाकून साल काढायची, मगच कडूपणा जातो आणि मगच पोटाला बरं. मी आचारी आहे. मला वाल शिकवते.

विचार करून मी निर्णय घेतला आहे. वाल करायचे. मॅडमना सकाळी माझी कल्पना सांगेन.

आज गुलाबजाम नाही. जिलेबी.

१९ जानेवारी

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या सगळं.

वाल केले. पहिल्या शिफ्टच्या जेवणाला. एवढ्या माणसांचे वाल सोलत कोण बसणार? हाताखालची माणसं भाकऱ्या थापायला लावली होती. भिजवले, मोड आणायला वेळ नव्हता, तसेच टाकले कुकरला आणि वरून माझा ठेवणीतला मसाला. तर्री अशी आली होती की फोटो काढावा.

पहिला घास खाल्ल्यावर नाथा उठला. हा प्लँटवर ऑपरेटर आहे, युनियनचा माणूस, आवाज मोठा. ताट हातात घेऊन कट्ट्यापर्यंत आला.

"जगनदादा, आमी काय गुन्हा केला?"

"का? काय झालं?"

"ही सालं चावतायत आणि जीभ कडू झाली. खाऊन बगा की."

सगळे हसले. मग एक एक जण ताट ठेवून उठला आणि गेटबाहेर वडापावच्या गाडीवर रांग लागली. माझ्या हातचं सोडून माणसं गेटबाहेर खायला गेली, असं कधी झालं नव्हतं. खिडकीतून रांग दिसत होती. दिसू नये म्हणून मी खिडकी लावली.

घरी आल्यावर मैनाने विचारलं, "वाल सोलले व्हते का?" मी म्हटलं व्यापाऱ्याने जुने वाल दिले असणार.

"सोलले व्हते का?"

मी हात धुवायला गेलो.

२० जानेवारी

पनीर केलं. सगळे खूश. नाथाने पाठीवर थाप मारली.  जेवण झाल्यावर नमिता मॅडम मागच्या अंगणात जाऊन पिंपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी

सुट्टी. मैनाने माहेरी पोपटीला नेलं. तिची वहिनी गिरजाबाई हिने बोलावलं होतं.

तिकडे ऊन कोवळं होतं आणि भाताचे खुंट अजून तसेच उभे, त्यांच्या मध्ये वालाचे वेल पसरलेले, शेंगांनी भरलेले. मी गिरजाबाईला विचारलं पाणी कुठून आणता. ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मी वाईट बोललो. म्हणाली, "पानी कशाला घालू दाजी? भाताची वल हाय जमिनीत, वरून दंव पडतं. वाल खातो काय, पितो काय?" पंचवीस वर्षं ह्या गावचा जावई आहे, पण हे शेत मी नीट पाहिलं नव्हतं. येतो, जेवतो, जातो.

पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, पुन्हा पाला. मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवला. तेलाचा थेंब नाही. उघडल्यावर जो वास आला, तो माझ्या कुठल्याही मसाल्याने आणता येत नाही. हे फक्त इथे लिहितो.

आणि शेंगा खायला कोण आला होता? नाथा. शेजारच्या गावचाच निघाला. मांडी घालून दोन्ही हातांनी खात होता. मला बघून जरा थबकला.

मी म्हटलं, "काय नाथाशेठ, आज जीभ कडू होत नाय?"

तो म्हणाला, "दादा, मी वालाला नाव ठेवलंच नव्हतं. लहानपनापासून खातो. तुमी जे केलंव, त्याला ठेवलं."

सगळ्या बायका पदराआड हसल्या. मैना तर उघड. नाथा उर्मट माणूस आहे. पण शेंगा त्याने फार खाल्ल्या, हेही खरं.

२८ जानेवारी

परवा परत येताना मैनाने बसमध्ये एक गोष्ट डोक्यात सोडली आणि ती जाईना. तिच्या गावच्या बायका दुपारी मोकळ्या असतात. वाल सोलायला त्या येतील, ती स्वतः येईल, कंपनीने त्यांचा रोज द्यावा. वाल गावातलेच घ्यावे. मी म्हटलं कंपनी म्हणजे काय अंगण आहे? हेल्मेट, गेटपास, सायरन. ती म्हणाली, "सायरनला वाल घाबरतात काय?"

आज मी मॅडमपुढे माझी नवी योजना मांडली. त्यांना फार आवडली. म्हणाल्या, "ही कल्पना कोणाची?"

"माझीच. घरी जरा बोलणं झालं."

"घरी कोणाशी?"

"मिसेसशी."

"त्यांना घेऊन या," मॅडम म्हणाल्या. मॅडमना बायकामाणसांची ओळख करून घ्यायची हौस दिसते.

आज चहा बिनसाखरेचा घेतला. एक.

४ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा. सुरुवातीपासून लिहितो.

मैना, गिरजाबाई आणि आणखी चार बायका कॅन्टीनच्या मागच्या पडवीत बसल्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, आणि बोटांची चिमूट अशी चालली की सालं एकीकडे, पांढऱ्या डाळिंब्या एकीकडे. बोलणं अखंड, हात अखंड. सालं गिरजाबाई पोत्यात भरून म्हशीला घेऊन गेली. पिंपात काही गेलं नाही.

फोडणीला मी तेलाचा डबा उचलला तर मैनाने माझा हात धरला. सगळ्या माणसांसमोर. म्हणाली, "यवढं नको. वालाला खोबरं लागतं, आमसूल लागतं, जरासा गूळ लागतो. तेलात बुडवलाव तर त्याची चव कुठं रानार?" मी तिला परवानगी दिली.

पण एक सांगतो. मोठ्या पातेल्याचं तिला काही कळत नव्हतं. घरच्या हिशोबाने तिने मीठ टाकलं आणि ते कुठल्या कुठे गेलं. खालचा जाळ मोठा ठेवलेला, डाळिंब्या तळाला फुटायला लागल्या. तिचा चेहरा उतरला. तिथे मी पुढे झालो. जाळ बारीक केला, झारा घेऊन कडेने फिरवला, मधे हात लावला नाही, मीठ माझ्या अंदाजाने घातलं. एवढ्या माणसांचं बिरडं, दाणा न् दाणा अख्खा. मैना बघत राहिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिने मला काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली, "तुमाला येतं की वो." मला हसायला आलं, पण बरंही वाटलं. फार बरं वाटलं.

भात म्हणून माझ्या भावाच्या खाडीकाठच्या खारजमिनीतला लाल तांदूळ आणला होता. खारं पाणी सोसणारं ते जुनं बी आहे, आता थोडेच लोक लावतात. ही कल्पना खरोखर माझी. मैनाला विचारावं.

नाथा आला. माझ्याकडे बघत बघत पहिला घास घेतला. मग मान खाली घालून जेवला. मग दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आला आणि म्हणाला, "दादा, आईच्या हातची आठवण झाली." त्याच्यामागे रांग लागली. वडापाववाला गेटबाहेर उभा राहून आत बघत होता, त्याला मी वाटीभर पाठवलं.

पिंप अर्ध्याच्याही खाली. मॅडमनी स्वतः बघितला. सगळे मला म्हणत होते, जगनदादा कमाल. मी सगळ्यांना हात जोडत होतो. मैना मागे भांडी बघत होती.

११ फेब्रुवारी

आठवड्याचं आता असं बसलं आहे. बिरडं दोनदा. एकदा धरमतरकडचा सुका जवळा वांग्यात, आणि मासळी न खाणाऱ्यांना मुळ्याच्या पाल्याची भाजी. उरलेले दिवस मटकी, चवळी, दुधी, मिळेल तो पाला. दुपारच्या शिफ्टला येतानाच नाचणीची आंबील ताक घालून, म्हणजे थंड बाटल्यांची गर्दी कमी. पनीर महिन्यातून एकदा, सणासारखं. आश्चर्य म्हणजे त्या दिवशी पनीरही उरलं नाही.

मी आता जे रांधतो तेच खातो, दुसरं शिजतच नाही. पँट सैल झाली आहे. मैनाने पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या साखर खाली आली. मी म्हटलं मनात आणलं की करतो.

१८ फेब्रुवारी

नमिता मॅडम आमच्या घरी आल्या. पेणला कामाला आल्या होत्या, वाटेत शिरल्या. मला वाटलं माझ्या कामाचं कौतुक करायला. ते त्यांनी केलंच, दोन वाक्यांत. मग मैनाशी बोलत बसल्या, चहा थंड होईपर्यंत. किती बायका येतील, बारा महिने काय काय पिकतं, पावसाळ्यात काय, कोण सांभाळेल. मैना भराभर सांगत होती. भारंगी, टाकळा, कुर्डू, शेवळं, कुठल्या डोंगरावर काय कधी उगवतं ते सगळं. मॅडम लिहून घेत होत्या. मला मधे दोनदा बिस्किटं आणायला उठावं लागलं.

जाताना मॅडम तिला म्हणाल्या, "मग विचार करा." मी नंतर विचारलं कसला विचार. मैना म्हणाली, "असंच." भाज्यांचा असणार.

२४ फेब्रुवारी

साहेबांची तारीख आली, सहा मार्च. मी मेनू ठरवला. पनीर, पुलाव, दोन गोड पदार्थ, वर कोपऱ्यात वाटीत थोडं बिरडं, शोभेला. साहेब हेड ऑफिसातून येतात. त्यांच्यापुढे वाल ठेवून आपली शोभा करायची का?

काल रात्री मैनाला सांगितलं तर तिने हातातलं काम ठेवलं.

"कामगार खातात ते साहेबांना का नाय चालनार?"

"पाहुण्यांना चांगलं वाढायचं असतं."

"म्हंजे आमी रोज वाईट वाढतो."

"तसं नाय गो."

"तसंच हाय. तुमाला अजून वाल म्हंजे गरिबाचं वाटतं. माझ्या माहेरचं वाटतं."

मग माझा आवाज चढला. मी म्हटलं कॅन्टीन माझं आहे, तिथे माझं चालणार.  आज सकाळी ती पिशवी भरून माहेरी गेली. वाल काढणीला आले आहेत, गिरजाबाईला हात हवे असणार. दमली होती, बरं झालं गेली. तिलाही बदल पाहिजे.

२७ फेब्रुवारी

बायका येत नाहीत. काढणी चालू असेल.

घरी भात खाल्ला आणि लोणचं.

२८ फेब्रुवारी

हवा एकदम तापली. भिजवलेल्या वालाला आंबूस वास आला, फेस धरला. मैना पाणी कधी बदलते ते मी बघितलं होतं, पण हवेप्रमाणे कसं बदलते ते नाही. सगळं फेकावं लागलं. पिंप काठोकाठ. ऐनवेळी बटाटे उकडले.

कट्ट्यावर वाढत होतो. नाथा म्हणाला, "दादा, वैनी कुठं?"

"माहेरी."

"कवा येनार?"

त्याच्यामागच्याने विचारलं, "वैनी आजारी हायत काय?" तिसरा म्हणाला, वैनी नाय तर मजा नाय. मी झारा धरून उभा राहिलो. मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे ही सगळी माणसं मला जगनदादा कमाल म्हणत होती, तेव्हाही त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मॅडमना तर पहिल्या दिवसापासून. मग ही माणसं मला कमाल कशासाठी म्हणत होती?

माझं मन राहावं म्हणून. दुसरं काही कारण दिसत नाही.

१ मार्च

रविवार. पहाटेच्या गाडीने रोह्याला, तिथून रिक्षाने गावात. सूर्य अजून डोंगरामागे होता. सगळ्या बायका शेतात. वाल दंव असेपर्यंतच उपटायचे. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. मैना वाकलेली होती. मला बघितलं आणि पुन्हा वाकली.

मी चपला काढल्या आणि शेजारच्या ओळीत वाल उपटायला लागलो. थोड्या वेळाने पाठ मोडली.  एवढ्या बायका गप्प बसल्या आहेत असं मी कधी पाहिलं नव्हतं.

ऊन आल्यावर बांधावर बसलो. गिरजाबाईने पाणी दिलं आणि लांब गेली.

मैना म्हणाली, "कुनाला न्यायला आलाव? मला का वालांना?"

"तुला."

"साहेबांपुढं पनीर कोन करनार?"

"पनीर नाय. रोजचं जेवन."

"आनि विचारलं कुनी केलं, तर?"

मी तिच्या हातांकडे बघत होतो. वालाच्या पाल्याने बोटं काळी झाली होती. म्हटलं, "तू हुबी राहा. तूच सांग."

तिने बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "पाठ दुकते काय?"

"लय."

"चला. तेल लावते." आणि उठताना स्वतःशीच हसली.

६ मार्च

साहेब आले. वेगळं टेबल नको म्हणाले, कामगारांच्या बाकावर बसले. हे मॅडमचं काम असणार. बिरडं, लाल भात, माठाची भाजी, तांदळाची भाकरी, ताक, केळं. ज्यांना हवा त्यांना जवळा. रोजच्यासारखं.  प्रणितला, म्हणजे माझ्या असिस्टंटला, वाढायला लावलं.

साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मी भिंतीला टेकलो. ते म्हणाले, "हे काय आहे?" शेजारी नाथा बसला होता. म्हणाला, "साहेब, कडवे वाल. आमच्याकडचे." आमच्याकडचे असं तो छाती काढून म्हणाला, जसं काय त्यानेच सोलले.

साहेबांनी भात पुन्हा मागितला. मग विचारलं, "कोणी केलं?"

सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघायला लागलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण मैना आधीच पुढे आली होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. म्हणाली, "शिजवलं ह्यांनी. यवढ्या मानसांचं शिजवनं मला जमत नाय, त्याला ह्यांचाच हात लागतो. सोललं आमी. पिकवलं आमच्या गावाने."

मग साहेब विचारत गेले आणि ती सांगत गेली. वालाला पाणी का लागत नाही. साल म्हशीला कशी जाते. लाल तांदूळ कुठला, आणि तिथे माझ्याकडे बोट करून, "तो ह्यांनी शोदला." साहेब म्हणाले, पाकिटातलं जेवण सोपं पडतं, त्याला माणसं कमी लागतात. मैना म्हणाली, "सोपं हाय साहेब. पन पाकीट उगडल्यावर त्यात काय हाय ते कुनाला इचारनार? आमाला तुमी नावाने हाक मारू शकता."

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं कॅन्टीन वाजवायला लागलं. साहेब पण. मी पांढरी टोपी काढून डोळे पुसले. वाफ फार होती.

१३ मार्च

निरोप आला. स्वयंपाकघर राहणार. आणि राहणार एवढंच नाही, कॅन्टीनचं काम मैनाच्या बायकांच्या गटाला देणार. नाश्ता, जेवण, आंबील, सगळं. गट ठरवेल काय रांधायचं. मॅडम घरी आल्या होत्या तेव्हा हाच विचार करायला सांगून गेल्या होत्या आणि मैनाने तोपर्यंत गावच्या सगळ्या बायकांशी बोलून घेतलं होतं. मी बिस्किटं आणत होतो.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "जगनदादा, मुख्य आचारी तुम्हीच. पण गटाच्या हाताखाली. चालेल ना? नाहीतर गेस्ट हाऊसला जागा आहे. तिथे फक्त साहेब लोक, काम कमी, पनीर रोज."

मी घरी येऊन मैनाला गेस्ट हाऊसचं सांगितलं. ती चूल पुसत होती. पुसतच राहिली. तिचा हात एकाच जागी फिरत होता.

मी म्हटलं, "मोठं पातेलं कोण सांभाळणार तुझं? तळाला लावशील सगळं."

"लावीन," ती म्हणाली. 

"म्हणून नाय म्हटलं मी मॅडमना."

१ एप्रिल

आज पहिला दिवस. कालपर्यंत ज्याला त्याला सांगितलं तर तारीख ऐकून लोकांना एप्रिल फूल वाटलं.

सकाळी पेणच्या नाक्यावर बसची वाट बघत उभे होतो. मैना नवीन साडी नेसली होती आणि वर माझाच जुना ॲप्रन घडी करून हातात. भिजवलेल्या मटकीची दोन गाठोडी होती, ती बसमध्ये ठेवण्यावरून तिचं ड्रायव्हरशी वाजलं. ड्रायव्हर म्हणाला सामान मागे ठेवा. ती म्हणाली मागे ऊन येतं, मटकी तापेल, पुढंच ठेवणार. आणि तिने पुढेच ठेवली. ड्रायव्हरने मला डोळ्याने विचारलं. मी खांदे उडवले.

तेवढ्यात शिवा दिसला. आमच्या गावचा, लहानपणी मिठागरात बरोबर हुंदडलेला. बऱ्याच वर्षांनी भेटला. म्हणाला, "काय रं जगन, बारीक झालास! अजून त्याच कंपनीत?"

"व्हय."

"कॅन्टीन तूच चालवतोस ना?"

"नाय. कॅन्टीन आता हिचं." मी बसमधल्या मैनाकडे दाखवलं. ती गाठोड्यावर ओलं फडकं टाकत होती.

"म्हंजे तू बायकोच्या हाताखाली?"

बस सुरू झाली. मी पायरीवर चढलो, दांडी धरली आणि वळून म्हटलं, "व्हय रं. सगळ्यांना नाय मिळत ही नोकरी."